कुठंपर्यंत?

खिडकीची कडी गंजून बसली होती. ती काढायच्या खटपटीत माझी पाठ त्यांच्याकडं होती आणि नेमकं तेव्हाच त्या मुलानं विचारलं, “काका, एकवीसला पाणी कुठंपर्यंत आलं होतं?” पाठ होती ते बरं झालं. घर बघायला आलेलं हे पाचवं गिऱ्हाईक. नवरा-बायको तिशीच्या आतबाहेरची, गडहिंग्लजकडची, दोघंही इथं नोकरीला. तिच्या खांद्यावर बाळ झोपलेलं. एजंटानं मला फाटकातच बाजूला घेऊन बजावलं होतं, “दादा, पाण्याचं विचारणारच. आलं होतं म्हणा. पण किती, ते आपणहून सांगू नका.” आता तर विचारलंच होतं. कडी एकदाची निघाली, खिडकी उघडली, कोंदटलेल्या खोलीत उजेड आला आणि मी वळून म्हणालो, “पायरीपर्यंत.” त्यानं मान हलवली. तिनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि विचारलं, “स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं का हो?” येतं. ते मी अगदी बैजवार सांगितलं. किती वाजता येतं, ओट्याच्या कुठल्या टोकावर आधी पडतं, थंडीत किती वेळ टिकतं. तिनं विचारलं नव्हतं तेही सांगितलं. उन्हाबद्दल त्या दिवशी माझ्याइतकं खरं कुणी बोललं नसेल.

पाणी पायरीपर्यंत आलं होतं, हे खोटं नाही. २००५ ला आलं होतं. फाटकातल्या दुसऱ्या पायरीला लागलं, रात्रभर तिथंच घुटमळलं आणि सकाळी मागं सरलं. त्यानं २०२१ चं विचारलं, मी २००५ चं सांगितलं. म्हणजे बघायला गेलं तर शब्द खरा होता, फक्त साल बदललं होतं. त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी स्वतःला हे दोन-तीनदा सांगून बघितलं. झोप काही आली नाही.

जुलै लागला की कोल्हापुरात ‘कुठंपर्यंत’ एवढा एकच प्रश्न उरतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी तासातासाला मोबाइलवर येत असते. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाढ्यासारखं पाठ. त्याच्या जोडीला किती बंधारे पाण्याखाली गेले तो आकडा आणि राधानगरीचा कितवा दरवाजा उघडला ती बातमी. लोक पोराबाळांना घेऊन पंचगंगेवर पाणी बघायला जातात, भाजलेलं कणीस खात उभे राहतात, बोटानं दाखवतात, काल तिथं होतं, आज इथं आलं. ती आमची पावसाळी जत्राच. सुतारवाड्यात शिरलं का, जयंती नाल्याची फूग कुठवर आली, याची चौकशी आधी आणि चहाचं नंतर. आणि मग एखाद्या वर्षी जत्रा बघून घरी परतावं तर जत्राच आपल्या गल्लीत आलेली असते.

आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. नदीतल्या पट्टीवरचा आकडा बघायचा आणि वहीत लिहायचा. भर पावसात, रात्री-अपरात्री, बॅटरीच्या उजेडात. ‘अंदाजे’ हा शब्द त्यांना शिवीसारखा लागायचा. आईनं ‘अंदाजानं मीठ घातलंय’ म्हटलं तरी कपाळाला आठी. राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाजांचं त्यांना भारी कौतुक. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं दरवाजा आपला आपण उघडतो, एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं, कुणाच्या सहीला थांबत नाही. “माणसाच्या हातात ठेवलं असतं तर आधी मीटिंग झाली असती,” म्हणायचे. आणि एवढा पाण्यात मुरलेला माणूस, त्यानं प्लॉट घेतला तो रमणमळ्याच्या बाजूला. नावातच मळा आहे. उलपे मळा, रमणमळा, ही नावं काय उगीच पडलेली नाहीत, पण सातबाऱ्यावरून बिगरशेती झाली की आपण नावाकडं बघणं सोडतो. जमिनीचा मूळ मालक, धोतरातला म्हातारा, तेव्हा आण्णांना म्हणाला होता म्हणे, “सायेब, हितं पानी बसतंय. भात झ्याक येतोय, मानसाचं काय म्हाईत न्हाई.” हा किस्सा आण्णा पाहुण्यांना हसत हसत सांगायचे, त्या म्हाताऱ्याच्या हेलात. २०१९ नंतर त्यांनी तो कधी सांगितला नाही.

पूर ओसरला की आमच्याकडं कारणांचा पूर येतो. कट्ट्यावर एक जण कर्नाटकातलं अलमट्टी धरण म्हणतो, दुसरा महामार्गाचा भराव म्हणतो, तिसरा नकाशावरची निळी रेषा आणि लाल रेषा बोटानं हवेत काढून दाखवतो. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारं पाणी, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारं. मग दोन वर्षांत दोनदा घरात कसं शिरलं, असं कुणी विचारलं की सगळे एकदम बोलायला लागतात. यातल्या प्रत्येक कारणात तथ्य असेल, कमी-जास्त. मला एवढंच ठाऊक आहे की आमच्या मागच्या ओढ्याच्या काठावर आम्ही कॉलनीवाल्यांनीच वर्गणी काढून मुरमाच्या ट्रॉल्या ओतल्या होत्या, गाड्या लावायला जागा हवी म्हणून. ते कारण कट्ट्यावर कधी निघत नाही. मीही कधी काढलं नाही. वर्गणी मी गोळा केली होती.

असो. पेंटरचं सांगायचं राहिलं.

विकायचं ठरल्यावर आधी रंग काढून घ्या, हा एजंटाचाच सल्ला. आण्णा गेल्यावर आई माझ्याकडं फ्लॅटवर आली, धाकटा पुण्यात, घर वर्ष-दीड वर्ष बंदच होतं. पेंटरनं हॉलच्या भिंतीवरून हात फिरवला आणि तोंड वाकडं केलं. जमिनीपासून कमरेच्या जरा खाली, सरळ रेषेत, रंगाला पोपडे सुटले होते. बोट लावलं की पांढरी भुकटी. “खार हाय,” तो म्हणाला. “पाणी गेलं तरी खार भिंतीतच ऱ्हातोय बघा. उन्हाळ्यात वाळून भाईर येतोय, रंगाला ढकलतोय. पुट्टी मारतो, प्रायमर मारतो, दोन हात देतो. पण गॅरंटी मागू नका.” मी म्हटलं, सहा महिने निभलं तरी चालेल. तो माझ्याकडं बघून हसला. वाईट हसला नाही. अशी घरं त्यानं बरीच रंगवली असणार. दोन दिवसांनी त्याचा फोन आला, “दादा, कोठीच्या दाराला आतल्या अंगानं पेन्शिलीनं कायतरी लिवलंय. मारू काय वरनं रंग?” मी म्हणालो, राहू दे, मी येऊन बघतो. नंतर चार वेळा घरी गेलो, कोठीचं दार उघडलं, काम उरकलं, दार ओढून घेतलं. आतल्या अंगाला बघितलं नाही. काय असणार ते मला माहीत होतं. हातात पट्टी आणि कानावर पेन्सिल अशा अवतारात आण्णांना मी जन्मभर बघितलंय.

२०१९ चा ऑगस्ट. गल्लीत पोटरीभर पाणी झालं तेव्हा आम्ही निघालो. कुणीतरी ट्रॅक्टरची ट्रॉली आणली होती, तिच्यात आई-आण्णा, शेजारच्या काकू, दोन गाठोडी, औषधांची पिशवी. मी मागं राहून सामान वर चढवत होतो. टीव्ही टेबलावर, मिक्सर ओट्यावर, आईची लग्नातली ट्रंक माळ्यावर. पाणी उंबऱ्याला लागलं होतं, पायाखालची फरशी गार पडत चालली होती. बाहेरून आण्णांनी हाक मारली, “डायऱ्या वर ठेवल्यास का रे?” भिंतीतल्या कपाटात, तळच्या कप्प्यात, त्यांच्या चौतीस डायऱ्या होत्या. बँकांच्या, खतवाल्यांच्या, फुकट मिळालेल्या. त्यात प्रत्येक पावसाळ्याची रोजची पातळी, रोजचा पाऊस आणि मधूनच एखादी ओळ, ‘चि. ला ताप’, ‘लाइट नाही’, ‘हिच्याशी अबोला, चूक माझी’. मी कपाटाकडं बघितलं. पाणी काही तिथवर यायचं नाही, असं मला खरंच वाटलं. ट्रॉलीवाला ओरडत होता. चौतीस डायऱ्या म्हणजे तीन खेपा. एक कप्पा वर सरकवायच्या होत्या फक्त.

“ठेवल्या,” मी म्हणालो.

आठवड्याने परत आलो तेव्हा दार फुगलं होतं, लाथ घालून उघडावं लागलं. आतला वास मला आजही शब्दांत धरता येत नाही. गटार, डिझेल, कुजलेला ऊस, भिजलेली गादी, आणि या सगळ्याच्या तळाशी गुळासारखं काहीतरी गोडसर, त्यानं तर जास्तच मळमळत होतं. फ्रिज आडवा होऊन स्वयंपाकघराच्या दारात अडकला होता. आण्णा कुठंही न बघता सरळ कपाटाकडं गेले. डायऱ्या एकमेकींना चिकटून एकच वीट झाली होती. त्यांनी एक सोडवून उघडली तर पानं भिजल्या पापडासारखी हातात आली. निळ्या शाईचे नुसते ढग. मी दारात उभा होतो, बादली हातात. आता विचारतील, आता विचारतील. त्यांनी विचारलं नाही. एकेक डायरी उचलून गच्चीवर नेऊन मांडली. त्या आठवड्यात धड ऊनही नव्हतं.

पंचनाम्याला दोघं आले. गमबुटांत, दमलेले, सकाळपासून कितवं घर कोण जाणे. एकानं कागदावरून मान वर न करता विचारलं, “पाणी कुठंपर्यंत?” भिंतीवर चिखलाची रेघ होती. पट्टीनं आखावी तशी, चारी भिंतींवरून एकसारखी. आण्णांनी उजवा तळहात भिंतीला टेकवला. रेघेच्या वर. चांगला वीतभर वर. “इथंपर्यंत,” ते म्हणाले. त्या माणसानं लिहून घेतलं आणि तो शेजारी गेला.

मी त्या तळहाताकडं बघत राहिलो. नोकरीत असताना एका साहेबानं आकडा जरा वाढवून लिहा म्हटल्यावर ज्यांनी दोन वर्षं आडवळणाची बदली पत्करली, त्या माणसाचा तो तळहात होता. खालची रेघ ठळक दिसत असताना वर टेकवलेला. गल्लीत तेव्हा सगळेच वाढवून सांगत होते, ‘आपणच कमी सांगितलं तर आपल्यालाच कमी मिळंल’ असं चाललं होतं. पण मदत तर सरसकट होती, शहरातल्या पूरग्रस्त घराला १५ हजार, त्यातले ५ हजार हातात आणि बाकीचे खात्यावर. रेघ गुडघ्याला असो नाहीतर गळ्याला. त्या वीतभरानं आम्हाला एक रुपया जास्त मिळाला नाही आणि मिळणार नाही, हे खात्यात जन्म घालवलेल्या आण्णांना कळत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मग पुढं बरीच वर्षं मी त्याचा एक अर्थ लावून ठेवला होता. वाटायचं, जे बुडालं होतं ते दोन-सव्वादोन फुटांत मावणारं नव्हतं. जन्मभर इंच न सोडणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच आकडा तोकडा पडला असेल. हा अर्थ मला आवडायचा. त्यात मी कुठंच नव्हतो.

घर धुऊन झाल्यावर आईनं सत्यनारायण घातला. आमच्याकडं हे नवलच. शाहू महाराजांच्या पाठबळावर १९११ साली कोल्हापुरात सत्यशोधक समाज उभा राहिला, त्यात आण्णांचे आजोबा होते असं घरात सांगतात. खरंखोटं तेच जाणोत, पण भटजी बोलवायची रीत घरात नव्हती हे खरं. आईनं मात्र त्या वर्षी कुणाचं ऐकलं नाही. ब्लीचिंग पावडरच्या वासात शिऱ्याचा वास मिसळला, चौरंगाला बांधलेले केळीचे खुंट ओल्या भिंतीला टेकले. भटजी तरुण होते, भरभर वाचत होते. साधुवाण्याचा अध्याय आला. दंडी विचारतो, नावेत काय आहे? द्रव्यानं भरलेली नाव, आणि वाणी हसून सांगतो, वेली न् पानं आहेत. दंडी म्हणतो, तुझं बोलणं खरं होवो. लहानपणापासून कितीदा ऐकलेली कथा. आपलं लक्ष असतं ते प्रसादाकडं. त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात आलं की दंडी त्याला शिव्या देत नाही, शाप देत नाही. तो फक्त म्हणतो, तू म्हणतोस तसं असो. मी आण्णांकडं बघितलं. ते चौरंगाकडं नाही, भिंतीकडं बघत होते. आई म्हणाली, “नमस्कार करा.” आम्ही दोघांनी केला. ज्याच्या नावातच सत्य आहे त्याच्यापुढं बापलेक वाकलो, दोघांच्या खिशात एकेक.

मग २०२१ आलं. २०१९ ला बंधाऱ्यावर ५५ फूट ७ इंच झालं होतं, या खेपेला ५६ फूट ३ इंच. आठ इंच जास्त. या वेळी आम्ही दोन दिवस आधीच बाहेर पडलो होतो, आणि वर ठेवण्यासारखंही फारसं काही उरलं नव्हतं. परत आल्यावर भिंतीवर नवी रेघ होती. आण्णांनी चष्मा पुसला, जवळ गेले, तळहात रेघेवर ठेवला. तोच हात, तीच जागा. बोटाच्या पेराएवढाही फरक नव्हता. ते माझ्याकडं वळले, आणि बऱ्याच दिवसांनी हसले.

“तथास्तु,” म्हणाले.

पुढच्या वर्षी ते गेले. पाण्याचा काही संबंध नाही, वयच झालं होतं.

ते जोडपं घर बघून गेल्यानंतरच्या पंधरवड्यात किरणोत्सव होता. आईचा हट्ट, एक दिवस तरी मला ने. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, तीन संध्याकाळी मावळता सूर्य महाद्वारातून आत शिरतो. पहिल्या दिवशी अंबाबाईच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी मध्यावर, तिसऱ्या दिवशी मुखावर, असा नेम. निदान तसा असायला हवा. महाद्वार रोडवर इमारती वाढल्या, हवेत धूळ न् दमटपणा, ऐनवेळी ढग. दर वर्षी काहीतरी आडवं येतंच. आम्ही बाहेरच्या पडद्यासमोर जागा धरून बसलो. आतले दिवे मालवले. एवढी गर्दी, पण सूर्य गरुड मंडप ओलांडून आत सरकायला लागला की आवाज आपोआप खाली बसतो; कुणाच्या तरी हातातल्या ओटीच्या पिशवीची सळसळ तेवढी ऐकू येते. उजेड सोनेरी नसतो तितकासा. पिकल्या लिंबासारखा असतो. उंबऱ्यावरून आत गेला, पायांवर चढला, गुडघ्यावर आला, कमरेच्या जरा वर येऊन थरथरला आणि विझला. जणू कुणी फुंकर मारली.

“कुठंपर्यंत आलं?” मागनं कुणीतरी विचारलं. “कमरेपर्यंत,” कुणी म्हणालं. लगेच माझ्या शेजारची बाई ठासून म्हणाली, “मुखावर आली. मी बघितली. कपाळावरचा मळवट उजळला.” तिच्या मुलानं पडद्याकडं बोट दाखवलं, म्हणाला, आई, कमरेलाच थांबली गं. ती हटेना. तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात नेहमीप्रमाणं बातमी होती, किरणं कमरेपर्यंत, सोबत तीव्रता किती लक्स तीही. मला या गोष्टीचं दर वेळी आश्चर्य वाटतं. देवीच्या दारात, लाखांच्या श्रद्धेचा मामला, तिथं माणसं रोजच्या रोज मोजून सांगतात, आज नाही पोहोचली. कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही, कुणी वीतभर वाढवून छापत नाही. आणि आपल्या हॉलच्या भिंतीपुढं आपल्याला एक आकडा उच्चारता येत नाही. मी आईला म्हणालो, त्या बाईला काय दिसलं असेल गं? आई म्हणाली, “तिला दिसलं असेल. आपण कोण नाही म्हणणार.”

भवानी मंडपातून बाहेर पडताना मी तिला सांगून टाकलं, गिऱ्हाइकाला मी पायरीपर्यंत म्हणालो ते. ती चालायची थांबली. “पायरीपर्यंत,” ती म्हणाली. नुसतं माझंच वाक्य परत माझ्या हातात दिलं. मला राग आला, स्वतःचाच येतो तेव्हा दुसऱ्यावर निघतो तसा. म्हणालो, आण्णांनी नव्हतं का सांगितलं पंचनाम्याला, रेघ समोर दिसत असून? तेव्हा तू काही बोलली नाहीस. त्यांना तरी काय मिळालं त्यात? आई चपलेत गेलेला खडा काढत होती, माझ्या दंडाला धरून, एका पायावर. तिनं खडा काढला, चप्पल घातली.

“तू शेजारी उभा होतास की,” ती म्हणाली. आणि म्हणाली, “थोडं भडंग घे घरी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेप घेऊन घरी गेलो. कपाटाचा तळचा कप्पा जमिनीपासून फूटभर. वरचा अडीच फुटांवर. पहिली रेघ दोन फूट आणि दोन इंचांवर होती, पुट्टीखालून पोपडे पुन्हा डोकं काढायलाच लागले होते, शोधावी लागली नाही. तळहात टेकला होता तो तिथून आठ इंच वर. म्हणजे रेघ धरली तर एक कप्पा वर सरकवलेल्या डायऱ्या कोरड्या राहिल्या असत्या. तळहात धरला तर त्या कुठंही ठेवल्या असत्या तरी बुडाल्याच असत्या, आणि कुणाच्या ‘ठेवल्या’ म्हणण्यानं काही फरक पडला नसता. मी तिथं फरशीवरच बसलो. असंच होतं असं मी म्हणत नाही. गेलेल्या माणसाच्या हातात आपल्या सोयीचं काहीही ठेवता येतं; आधीचा अर्थही मीच ठेवला होता. आणि त्यांना माहीत होतं तर तीन वर्षं ते मला एका शब्दानं बोलले नाहीत, याला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. कधी वाटतं माया. कधी वाटतं, ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्या रविवारी तो मुलगा परत आला, या वेळी वडिलांना घेऊन. डोक्याला पटका, पायांत करकरणारं पायताण. ते त्यांनी पायरीखालीच काढलं. स्वयंपाकघर, ऊन, संडास-बाथरूम, म्हाताऱ्यानं काही बघितलं नाही. हॉलमध्ये आले आणि बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा भिंतीवरून हात फिरवू लागले. खालून वर, वरून खाली. एका जागी थांबले. नखानं जरा खरवडलं, बोटाला लागलेली पांढरी भुकटी जिभेला लावली.

“खार हाय,” म्हणाले. “हितवर आलंतं.”

मुलानं माझ्याकडं बघितलं. एजंट खिडकीबाहेर बघायला लागला. मी ‘हो’ म्हणालो, पण त्यांनी जिभेनं ओळखून झाल्यावर. त्या ‘हो’ला खरं बोलणं म्हणायचं असेल तर म्हणा. म्हातारा रागावलेला दिसला नाही. एवढंच विचारलं, “ही कोंच्या सालची? एकोणीसची का एकवीसची?” मला जागच्या जागी सांगता आलं असतं, दोन्ही आकडे इंचासकट पाठ होते. पण जीभ उचलेना. मी कोठीत गेलो, दार आतून पूर्ण फिरवून खिडकीच्या उजेडात धरलं.

पेन्सिलीच्या दोन आडव्या रेघा. खालच्या रेघेपाशी, ‘ऑगस्ट २०१९. २ फूट २ इंच.’ वरच्या रेघेपाशी, ‘जुलै २०२१. २ फूट १० इंच.’ पहिलं अक्षर ठसठशीत, दुसरं जरा थरथरलेलं. पंचनाम्याच्या कागदावर काय गेलं ते गेलं. इथं, जिथं कुणी बघणार नव्हतं, तिथं पट्टी लावून लिहिलं होतं. म्हाताऱ्यानं चष्मा लावला, वाकले, प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं.

“अक्षर कुनाचं?”

“वडिलांचं.”

“मोजून लिवलंय.”

“होय,” मी म्हणालो.

ते गुडघ्यावर हात टेकत कोठीच्या उंबऱ्यातच बसले आणि म्हणाले, जरा पानी द्या प्यायला. घर बंद, नळाचं कनेक्शन कधीच तोडलेलं. मी शेजारी गेलो. काकूंनी तांब्या भरता भरता विचारलं, “जमलं काय रे?” म्हटलं, अजून बसलेत. तांब्या काठोकाठ भरला होता. सांडू नये म्हणून त्याच्याकडं बघत बघत, एकेक पाऊल टाकत परत आलो.